चार मिनिटांचं मेण

३ फेब्रुवारी

ती. मामा,

‘चिकटवलेलं नीट बसलंय की नाही, हे घासायच्या आधी कळतं कसं?’ असं तुम्ही मागच्या पत्रात विचारलंत. याचं उत्तर मला येत नाही. मला इथे लागून आठ महिने झाले, पदवीचा कागद आईने काचेत घालून भिंतीवर लावला, आणि तुमच्या पहिल्याच प्रश्नाला मी नापास.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही म्हणून लिहितेय, पण खरं सांगायचं तर मला लिहिणंच बरं वाटतं. फोनवर आई मधेच ‘जेवलीस का’ विचारते आणि कामाचं बोलणं राहून जातं.

आमचं काम असं आहे. सिलिकॉनची गोल चकती असते, तिला वेफर म्हणतात. शेजारच्या काकूंना मी वेफर बनवते असं आईने सांगू नये, त्यांनी मला खारे का तिखट असं विचारून झालंय. चकतीच्या एका बाजूवर डोळ्यांना न दिसणारी बारीक यंत्रं कोरलेली असतात. दुसऱ्या कंपनीने कित्येक महिने खपून ती केलेली असतात, आणि मग ती चकती आमच्याकडे पातळ व्हायला येते. पाठीकडून घासत घासत कागदाहून पातळ करायची. इतकी पातळ झाल्यावर ती स्वतःच्या जोरावर उभी राहू शकत नाही, म्हणून आधीच तिला सिरॅमिकच्या तबकडीवर मेणाने चिकटवतात. तबकडी हॉटप्लेटवर तापवायची, तिच्यावर मेणाची कांडी फिरवायची, चकती पालथी ठेवायची, दाबायची, निवू द्यायची. घासून झालं की पुन्हा तापवून हळूच सरकवायची आणि धुवायची. तुम्ही भिंगं राळेवर बसवता तेच हे. मुलाखतीत हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण बोलले नाही.

मेणात कुठे हवा राहिली तर त्या जागी चकतीला खालून आधार नसतो, आणि घासताना ती तिथेच तडकते. चकतीतून आरपार दिसत नाही, तबकडीतूनही दिसत नाही. मग कळणार कसं? आमच्या खोलीत ते फक्त एका बाईला कळतं. सगळे तिला मेणबाई म्हणतात. बारा वर्षं हेच काम करतेय, तेही अकरा-अकरा महिन्यांच्या कंत्राटावर. ती हातमोजा काढते, तबकडीच्या कडेला बाहेर आलेल्या मेणावर नख दाबते आणि म्हणते, ‘झालं’ नाहीतर ‘कच्चं आहे’. कसं कळतं विचारलं तर म्हणते, ‘कळतं गं. चहा झालेला तुला कळतो ना?’

मी ठरवलंय की तिच्या बोटांत आहे ते कागदावर आणायचं. उद्या नवी मुलगी आली तर तिने बारा वर्षं थांबायचं का? आपल्या घरात कोणी शिकलं नाही, कारण जे येत होतं ते ज्याच्या त्याच्या हातातच राहिलं, असं मला वाटतं. या चकत्या शेवटी कानयंत्रात जातात, मामा. एखादी तुमच्या कानात येईल.

तुमची भाची


१२ फेब्रुवारी

पदवीधर बाईसाहेबांना मामाचा आशीर्वाद.

नापास झालीस ते बरं झालं, आता तरी अभ्यास करशील.

तुझी मेणबाई जे करते तेच मी चौतीस वर्षं करतोय. भिंग राळेवर बसवलं की कडेने ओघळ येतो. त्यावर अंगठ्याचं नख दाबायचं. नख लोण्यात गेल्यासारखं गुळगुळीत रुतलं तर आतही राळ नीट पसरली. कपचा उडाला तर कच्ची, परत तापव. माझा उस्ताद म्हणायचा, घड्याळ खिशात ठेव, घड्याळाला राळ कळत नाही. त्या बाईला माझा नमस्कार सांग. न बघताच तिची माझी ओळख झाली.

तुझं पत्र मी कारखान्यात वाचून दाखवलं. आमचा मुकादम, ज्याला आम्ही भोंगा म्हणतो, कारण या कानांना त्याचाच आवाज तेवढा पोचतो, तो म्हणाला, आपण करतो ते काम पांढरा कोट घालून केलं की त्याला विज्ञान म्हणतात काय? मी म्हटलं, हो, आणि पगारही तसाच मिळतो.

जे येत होतं ते हातातच राहिलं, असं लिहिलंयस. ते वाचून तुझी आई माझ्याकडे बघत बसली. रागाने नाही सांगत, पण त्याच हाताने तुला इथवर आणलं. कागदावर लिही, जरूर लिही. फक्त लिहिताना हात सोडू नकोस.

कानयंत्र आलं तर आधी भोंग्याला देईन. म्हणजे स्वतः किती ओरडतो ते त्याला कळेल.

मामा


२ मार्च

ती. मामा,

झालं एकदाचं. अकरा दिवस मी घड्याळ घेऊन मेणबाईशेजारी बसले. ती चकती ठेवते कधी, दाबते किती, उतरवते कधी, सगळं लिहिलं. तापवायला सरासरी चार मिनिटं लागतात. त्यावरून मी कामाचा तक्ता बनवला. तापमान, वेळ, दाब, एकूण नऊ ओळी. आता तो प्लास्टिकमध्ये घालून हॉटप्लेटच्या वर टांगलाय, आणि खाली माझं नाव आहे. विभागाच्या बैठकीत साहेब म्हणाले, ‘बारा वर्षांत जे कोणी केलं नाही ते या मुलीने अकरा दिवसांत केलं.’ सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मेणबाईनेही वाजवल्या.

तुमच्या नखाची गोष्ट मी साहेबांना सांगितली. ते हसले, म्हणाले, मामांना एकदा घेऊन या. तुमचं नख आमच्या खोलीत पोचलं असं समजा.

मेणबाईला तुमचा नमस्कार सांगितला. ती म्हणाली, ‘मामाला म्हणावं, नखं वाढवून ठेव, कधी बोलावणं येईल सांगता येत नाही.’ पण आजकाल तिचं काहीतरी बिनसलंय. पूर्वी मला ‘अगं पोरी’ म्हणायची, आता ‘बाईसाहेब’ म्हणते. आम्ही एकत्र डबा खायचो, आता ती लवकर खाऊन घेते. मी तिचं काहीच घेतलेलं नाही. उलट तिचं काम सोपं केलंय.

बाकी ठीक. गेल्या आठवड्यात नव्या तबकड्या आल्या, जुन्यांच्या जवळजवळ दुप्पट जाड, कारण जुन्या तापून तापून वाकल्या होत्या. आईला सांगा, मी वेळेवर जेवते.

तुमची भाची


१५ मार्च

पदवीधर बाईसाहेब,

पत्र वाचून छाती फुगली. कारखान्यात मी दोन दिवस मान ताठ करून हिंडलो. भोंगा म्हणतो, तुझं नख पार्सलने पाठवून दे, तिथे काचेच्या कपाटात ठेवतील. राळेच्या कढईवरची पोरं मला आता ‘प्रोफेसर’ म्हणतात. म्हणू दे. आयुष्यभर ‘ए राळवाल्या’ ऐकलं, चार दिवस हेही ऐकू.

त्या बाईचं मनावर घेऊ नकोस. जुनी माणसं अशीच असतात, मीही आहे. नवी पकड आली तरी महिनाभर मी जुनीच वापरतो आणि सगळ्यांशी वाकडं बोलतो. आपोआप येईल वळणावर. तू आपलं काम कर.

तुझ्या आईने तो काचेतला कागद खाली काढून पुसला, परत लावला. रोज करते. त्याला धूळ बसायला फुरसतच मिळत नाही.

मामा


२० एप्रिल

ती. मामा,

लिहायला उशीर झाला. इथे एक घटना घडली.

एका ग्राहक कंपनीच्या अठरा चकत्या आल्या होत्या, कानयंत्राच्या. त्यातल्या चौदा घासताना तडकल्या. मेणात पोकळ्या राहिल्या होत्या. त्या कंपनीचं सात महिन्यांचं काम गेलं. चौकशी झाली. चिकटवण्याचं काम करणाऱ्या बाईने तक्त्यात दिलेली वेळ पाळली नव्हती, असं नोंदींवरून निघालं. अहवाल तसा गेला. तिचं कंत्राट महिनाअखेर संपत होतं, ते पुढे वाढवलेलं नाही.

अहवाल लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं. त्यात खोटं काही नाही.

माझी प्रकृती चांगली आहे. साहेबांनी मला वरच्या वर्गात बढती देण्याची शिफारस केली आहे. आईला एवढं सांगा.

तुमची भाची


२९ एप्रिल

चि. भाचीस,

पत्र वाचून वाईट वाटलं, आणि त्या बाईचा रागही आला. नमस्कार पाठवला होता, तो परत घेतो. एका माणसाच्या हयगयीने चौदा नग जातात आणि सगळ्या कामाचं नाव खराब होतं. गेली ते बरं झालं. तुझं नाव पुढे पाठवलंय, हे तुझ्या आईने चार घरी सांगितलंही.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. तुझं हे पत्र कुणी कारकुनाने लिहिल्यासारखं वाटलं, म्हणून मी जुनी पत्रं काढून परत वाचली. मार्चच्या पत्रात लिहितेस की नव्या तबकड्या दुप्पट जाड आल्या. मग वेळ चार मिनिटंच कशी? जाड लोखंड आलं की आम्ही दुप्पट थांबतो. खालून तापलेलं वर पोचायला वेळ लागतो, वरचं मेण अर्धवटच वितळत असणार. आणि बारा वर्षं नख लावणारी बाई त्याच दिवशी नख लावायला विसरली, हे कसं?

तुला शोधून काढायचं असेल तर सोपं आहे. चकतीच्या जागी आपली साधी पातळ काच लाव. जाड तबकडीवर, चार मिनिटं. काचेतून खालचं मेण दिसेल. हवा असेल तर तीही दिसेल. आम्ही नव्या पोरांना असंच शिकवतो.

काय दिसलं ते कळव.

मामा


३० मे

चि. भाचीस,

महिना झाला, तुझं पत्र नाही. तुझी आई म्हणते, कामात असेल. मी काही म्हणत नाही.

काच लावलीस का?

मामा


९ जून

ती. मामा,

लावली. तुमचं पत्र आलं त्याच आठवड्यात लावली. जेवायच्या सुट्टीत, खोलीत कोणी नसताना. दोन काचा. एक जुन्या तबकडीवर, एक नव्या जाड तबकडीवर, दोन्हींना चार-चार मिनिटं. जुन्या तबकडीवरचं मेण मधासारखं स्वच्छ पसरलं. जाड तबकडीवर काचेखाली बुडबुडे होते, काही मसुराएवढे, काही त्याहून मोठे. मोजायची गरजच नव्हती. मग आणखी एक काच दुसऱ्या जाड तबकडीवर सात मिनिटं ठेवून बघितली. एकही नाही.

बुडबुड्यांचा तो तुकडा तबकडीसकट रुमालात गुंडाळून मी कपाटात ठेवला आणि महिनाभर तुम्हाला पत्र लिहिलं नाही.

आता सगळं लिहिते. मी साहेबांना तुमच्या नखाची गोष्ट कधी सांगितलीच नव्हती. ते हसले, म्हणाले, मामांना घेऊन या, हे सगळं मी मनाने लिहिलं. तक्त्यातली सातवी ओळ अशी आहे: ‘कडेच्या मेणाला उघड्या हाताने स्पर्श करू नये.’ ती माझी ओळ आहे. कारण होतं. हाताचा घाम आणि क्षार चकतीला लागले तर नुकसान होतं, पुस्तकात तसं दिलंय. पण ती कडेला नख लावायची, तबकडीच्या अंगाला, चकतीपासून दूर. मी ते अकरा दिवस शेजारी बसून बघितलं होतं. तरी लिहिलं. ग्राहक कंपनीचे तपासनीस दर महिन्याला येतात, त्यांना बाई नख लावताना दिसली तर आमची खोली आडगावची वाटेल, अशी मला लाज वाटत होती. मुलाखतीत वाटली होती तीच लाज.

जाड तबकड्या एप्रिलमध्ये त्या अठरा चकत्यांसाठीच पहिल्यांदा काढल्या. पहिल्याच दिवशी मेणबाई मला म्हणाली, ‘बाईसाहेब, हे अजून कच्चं आहे. एकदा नख लावू दे.’ मी म्हणाले, ‘तक्ता बघा.’ दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाली. मी पुन्हा म्हणाले, ‘तक्ता बघा.’ मग तिने विचारणं सोडलं.

अठरापैकी चौदा तडकल्या, चार वाचल्या, हे मी लिहिलं होतं. कोणत्या चार, ते लिहिलं नव्हतं. हॉटप्लेटच्या नोंदीत दिसतं, चार तबकड्या सात मिनिटं ठेवल्या होत्या. मी जेवायला गेले होते तेव्हा. तेवढ्या वेळात तिला आपल्या मनाप्रमाणे चार करता आल्या. त्याच चार वाचल्या. चौकशीत हीच नोंद पुढे आली आणि मी वाक्य लिहिलं: ‘कामगाराने ठरवून दिलेली वेळ पाळली नाही.’ त्यात खोटं काही नाही, हेही मी तुम्हाला कळवलं होतं.

अजून एक. त्या अहवालावर तिची सही हवी होती. साहेब म्हणाले, ‘तिचा तुझ्यावर विश्वास आहे, तूच घे.’ मी गेले. म्हणाले, नुसती पद्धत असते. तिने कागदाकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. ‘तू लिहिलंयस ना?’ मी म्हणाले, हो. तिने सही केली. खूप दिवसांनी मला ‘तू’ म्हणाली.

तुम्ही तिला दिलेला नमस्कार परत घेतलात. तो परत द्या, मामा.

मी काय करू ते विचारत नाही. फक्त तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं.

तुमची भाची


१७ जून

चि. भाचीस,

पत्र दोनदा वाचलं. तुझ्या आईला वाचून दाखवलं नाही. असं पहिल्यांदाच झालं. विचारत होती, काय लिहिलंय. म्हटलं, प्रकृती चांगली आहे.

कारखान्यात पोरं मला प्रोफेसर म्हणतात, तेव्हा तीन महिने मी हसत होतो. आता काय करू? माझं नख तुमच्या खोलीत पोचलं म्हणालीस. पोचलं खरं, पण सातव्या ओळीत, बंदी म्हणून. लाज वाटली होती तर तसं लिहायचं. मला ऐकू येत नाही, पण समजतं.

ते असो. आता मी सांगतो ते ऐक. गप्प बस. त्या बाईचं वाईट झालं, मान्य. पण तू बोललीस म्हणून तिला कोणी परत बोलावणार नाही. कंपन्या माणसांना परत बोलावत नाहीत, नवी माणसं घेतात. तुला मात्र काढतील. मग तू काय करशील? इथे येऊन माझ्याबरोबर राळ ढवळशील? त्यासाठी तुझ्या आईने दोन वेळचं काम केलं? तिचे गुडघे तू बघितलेस ना? आपल्या सगळ्या खानदानात एक माणूस त्या खोलीत पोचलंय.

काच लाव असं मीच सांगितलं, ती माझी चूक. कारागिराची खोड आहे, पोकळी कुठे आहे ते बघितल्याशिवाय राहवत नाही. ती काच फोडून टाक. वर्ग वाढवतायत तो घे. उद्या तुझ्या हातात अधिकार आला की तक्ता दुरुस्त कर, कोण अडवतंय?

तुझं पत्र मी कारखान्यात राळेच्या शेगडीत टाकलं. माझ्याकडून ही गोष्ट कुठे जाणार नाही.

मामा


२४ जून

ती. मामा,

पत्र जाळलंत त्याचं काही नाही. त्यातलं सगळं दुसरीकडे लिहिलेलं आहे, बहुतेक त्याच क्रमाने.

नऊ तारखेला तुम्हाला पत्र टाकलं, त्यानंतर चार दिवस बसून मी नवा अहवाल लिहिला. तिन्ही काचांचे फोटो, हॉटप्लेटच्या नोंदी, कोणत्या चार वाचल्या, सातवी ओळ कोणी लिहिली, सही कोणी आणि काय सांगून घेतली. चौदाला साहेबांना दिला. त्यांनी उभ्याउभ्याच चाळला आणि म्हणाले, ‘चांगलं निरीक्षण आहे. तुझी बढती होऊ दे, मग सुधारणा म्हणून मांडू.’ आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. ड्रॉवरला कुलूप लावलं नाही, मला तेच जास्त लागलं. मी काही करणार नाही, इतकी त्यांची खात्री होती.

सोळाला मी मेणबाईकडे गेले. ती आता एका इस्त्रीच्या दुकानात उभी असते. मला बघून म्हणाली, ‘काय बाईसाहेब, कपडे आणलेत?’

‘नाही. कागद आणलाय.’

‘इथे कागदाला इस्त्री होत नाही.’

मी तिथेच उभी राहून तिला अहवाल वाचून दाखवला. ती शर्टाच्या बाह्या दाबत होती. मधे एकदा बोट ओलं करून इस्त्रीला टेकवलं, चर्रकन आवाज झाला, मान हलवली, पुन्हा कामाला लागली. मी थांबले की म्हणायची, ‘वाच.’ संपल्यावर म्हणाली, ‘म्हणजे चौदा मोडल्या त्या तुझ्या, आणि चार वाचल्या त्या माझ्या.’

‘हो.’

‘हे तेव्हा लिहायला काय झालं होतं?’

‘भीती वाटली.’

‘मलाही वाटायची. बारा वर्षं, दर अकरा महिन्यांनी.’ शर्टाची घडी घातली, गठ्ठ्यावर ठेवली. ‘आणि यावर माझी सही नको का? त्या वेळी तर फार घाई होती.’

मी कागदाची घडी केली. ‘तुला घड्याळ घेऊन बसलेली बघत होते ना,’ ती म्हणाली, ‘तेव्हाच कळलं होतं, हिला सगळं देऊन झालं की माझं काम संपलं. तरी दिलं. तू विचारत होतीस, आणि बारा वर्षांत मला कोणी काही विचारलं नव्हतं.’ मग म्हणाली, ‘चल, गिऱ्हाईक थांबलंय.’

तुमचा नमस्कार तुम्ही परत दिला नव्हता, तरी मी सांगितला. ती म्हणाली, ‘मामाला सांग, भाची हुशार आहे.’ हे तिने चांगल्या मनाने म्हटलं असं लिहायची मला फार इच्छा आहे. तुम्हाला मनाने काही लिहायचं नाही असं ठरवलंय, म्हणून लिहीत नाही.

तुमचं म्हणणं खरं आहे, तिला कोणी परत बोलावणार नाही. आईचे गुडघेही मी बघितलेत. ते मला रोज दिसतात, अहवाल लिहितानाही दिसत होते. पण तुम्ही म्हणता, अधिकार आला की दुरुस्त कर. मामा, तक्ता लिहिला तेव्हा माझ्या हातात अधिकारच होता. त्या खोलीत एवढा एकच कागद होता ज्याच्यापुढे तिला बोलता येत नव्हतं, आणि त्याच्याखाली माझं नाव होतं.

आईला तुम्ही सांगू नका, मी स्वतः येऊन सांगेन. बहुधा लवकरच यावं लागेल. भिंतीवरचा कागद काढू नका. तो खरा आहे, त्यात माझी लबाडी नाही. आणि पोरांनी प्रोफेसर म्हटलं तर म्हणू द्या. जाड तबकडीला चार मिनिटं कशी पुरतील, हा प्रश्न आमच्या अख्ख्या विभागात कोणी विचारला नाही. तुम्ही घरी बसून, जुनी पत्रं वाचून विचारलात. अहवालात ते लिहिलंय: ‘ही शंका भिंगांच्या कारखान्यातील एका कारागिराने काढली व काचेची परीक्षाही त्यांनीच सुचवली.’ तेवढं एक वाक्य मला खोडून पुन्हा लिहावं लागलं नाही.

तुमचं पत्र मला बावीसला मिळालं. त्याआधी मिळालं असतं तर मी काय केलं असतं, माहीत नाही. कदाचित काच फोडली असती. एकोणीस तारखेला ग्राहक कंपनीचे तपासनीस त्यांच्या महिन्याच्या फेरीला आले. साहेब त्यांना घासायच्या यंत्रापाशी नेत होते. मी वाटेत उभी राहिले, रुमाल सोडून काचेचा तुकडा जाड तबकडीसकट त्यांच्या हातात ठेवला, अहवालाची प्रत त्यावर ठेवली, आणि म्हणाले, आधी उजेडात धरून बघा. त्यांनी खिडकीपाशी जाऊन बघितलं.

तुमची भाची